बंद पडून राहिलेली जुनी रोल्स-रॉईस घ्यावी का, आणि घेतल्यावर हात कुठे लावावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९३३ ची एक रोल्स-रॉईस २०/२५ विकायला आहे. चारदारी सलून, म्हणजे पक्क्या छताची बंद गाडी, बरीच वर्षं शेडमध्ये बंद उभी. घेणाऱ्याला यंत्रांची आवड आहे, हत्यारं हाताळायची सवय आहे आणि आता वेळही आहे. गाडी घ्यावी का, पूर्ण खोलून नव्यासारखी करावी की आहे तशी राखावी, त्यातलं स्वतः किती करता येईल, आणि पुढे एकीवर थांबावं की संग्रह वाढवावा, हे विचारलं आहे.

बॉडीचं लाकूड आणि कागदपत्रं शाबूत असतील तर जरूर घ्या. फक्त घेतल्या घेतल्या ती पूर्ण खोलू नका. चॅसिस एकीकडे, बॉडी दुसरीकडे, इंजिन टेबलावर आणि नटबोल्ट खोक्यांत, अशा अवस्थेत विकायला निघालेल्या गाड्या या छंदात कायम दिसतात. त्या खोलणाऱ्यांना काम येत नव्हतं असं नाही. सगळं एकदम सुटं केल्यावर एकही टप्पा पूर्ण झाल्याचं समाधान मिळत नाही आणि उमेद संपते. चालू शकेल अशी गाडी आधी चालती करा, मग एकेक भाग काढून नीट करा. दोन कामांच्या मध्ये गाडी रस्त्यावर येत राहिली तर पुढचं काम करायची इच्छाही टिकते.

माझं मत आधीच सांगतो. अशा गाडीचं यंत्र कसलीही तडजोड न करता दुरुस्त करावं, आणि रंग, चामडं, लाकूडकाम, मुलामा यांना शक्य तितका कमी हात लावावा. बहुतेक जण नेमकं उलट करतात. रंग आणि गाद्या डोळ्यांत भरतात, म्हणून पैसा आधी तिकडे जातो. क्रँकशाफ्टमधला, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनातल्या मुख्य दांड्यातला गाळ कोणाला दिसत नाही, म्हणून तो तसाच राहतो. मग चकचकीत झालेली गाडी पहिल्याच लांबच्या फेरीत बेअरिंग खाते आणि पुन्हा कापडाखाली जाते.

पहिली गाडी म्हणून २०/२५ ची निवड चांगली आहे. १९२९ ते १९३६ या काळात तिची ३,८०० हून अधिक चॅसिस बनली. सहा सिलिंडर, ३,६६९ सीसी, वर बसवलेले व्हॉल्व्ह आणि सात मेन बेअरिंगांवर फिरणारा क्रँकशाफ्ट अशी सरळ, समजण्याजोगी रचना आहे. एवढ्या गाड्या बनल्यामुळे सुटे भाग आणि ते जाणणारी माणसं, दोन्ही आजही मिळतात. याच कारखान्याची १९३६ ते १९३९ ची फँटम-३ बघून मोह होईल. तिचं बारा सिलिंडरचं इंजिन अप्रतिमच आहे, पण त्यातले व्हॉल्व्ह उचलणारे हायड्रॉलिक टॅपेट तेलातल्या जराशा घाणीने बिघडायचे, आणि पुढे कित्येक गाड्यांत ते काढून साधे टॅपेट बसवावे लागले. ते इंजिन उघडायचं म्हणजे पदरी मोठा अनुभव हवा. छंदाची सुरुवात तिथून करू नये.

१९३३ ची रोल्स-रॉईस घेताना तुम्ही खरं तर दोन कारखान्यांचं काम घेता. रोल्स-रॉईसने चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, बोनेट एवढं बनवून दिलं. वरची बॉडी गिऱ्हाइकाने निवडलेल्या कोचबिल्डरने, म्हणजे बॉड्या बांधणाऱ्या कारखान्याने बांधली: हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली, गर्नी नटिंग अशी कितीतरी नावं. त्यामुळे दोन २०/२५ शेजारी उभ्या केल्या तर यंत्र तेच आणि बाकी सगळं वेगळं, दारांच्या बिजागऱ्यांपासून काचांच्या यंत्रणेपर्यंत. इंजिनाचा भाग दुसऱ्या गाडीवरून मिळेल, पण बॉडीचा तुटलेला भाग नवा घडवावाच लागतो.

म्हणून आधी ओळख पटवा. फायरवॉलवरची पाटी, चॅसिसवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक टिपून घ्या. या काळातल्या चॅसिसच्या कारखान्यातल्या नोंदी मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत, आणि ब्रिटनमधल्या रोल्स-रॉईस एन्थुझियास्ट्स क्लबमार्फत त्यांच्या प्रती मिळवता येतात. पहिला मालक कोण, बॉडी कोणाची, इंजिन क्रमांक कोणता, हे त्यात असतं. नोंदीत एका कोचबिल्डरची बंद लिमोझिन असेल आणि समोर उघडी टूरर उभी असेल, तर बॉडी नंतर बदललेली आहे. हे सर्रास झालेलं आहे. एका काळात या गाड्यांना कोणी विचारत नव्हतं, तेव्हा त्यांवर शववाहिका आणि मालवाहू बॉड्या चढल्या. पुढे मागणी वाढली तशी जड लिमोझिन उतरवून देखण्या उघड्या बॉड्या बसवल्या गेल्या. अशी गाडी घेण्यात वावगं काही नाही, मात्र विकणाऱ्याने ते उघड सांगितलं पाहिजे आणि तुम्ही मूळ बॉडीच्या भावाने ती घेता कामा नये.

आता लाकूड. बहुतेक कोचबिल्ट बॉड्यांचा सांगाडा ॲशच्या लाकडाचा असतो आणि त्यावर ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडी पत्रा ठोकलेला असतो. बाहेरून पत्रा झकास दिसत असताना आत लाकडाचा भुसा झालेला असू शकतो. तपासायची एक साधी पद्धत सांगतो. दार अर्धं उघडा, त्याच्या मोकळ्या कडेखाली दोन्ही हात घालून हळूच वर उचला, आणि त्या वेळी नजर बिजागरीवर ठेवा. बिजागरीची पिन हलली आणि खांब जागेवर राहिला तर पिन झिजली आहे, हे अर्ध्या दिवसाचं काम. बिजागरीसकट खांबच पत्र्याच्या आत सरकला, तर खांबाचं लाकूड गेलं आहे. तो बदलायचा तर पत्रा सोडवावा लागतो, पत्रा सोडवायचा तर रंग जातो, आणि एका खांबापायी अख्खी बाजू उघडी पडते. चारही दारं अशी तपासा. मग मागच्या चाकांच्या कमानी, पुढच्या काचेचा तळ आणि छताची कड बघा, कारण पाणी तिथेच साठतं. गालिचा उचलून फळ्यांत बारीक टोच्या टोचून पाहा. सरकन आत गेला तर तिथलं लाकूड सडलेलं आहे.

ॲल्युमिनियमच्या पत्र्यात लोखंडी खिळे आणि स्क्रू असले, तर दमट हवेत दोन धातूंमध्ये विजेची क्रिया सुरू होते. खिळ्याभोवती पांढरी भुकटी धरते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. रंगाखाली एका ओळीत बारीक फुगवटे दिसले तर कारण बहुधा हेच. काही गाड्यांवर वेमन पद्धतीची कापडी बॉडी असते. तिच्या लाकडी सांगाड्याचे तुकडे एकमेकांना न टेकवता मध्ये धातूच्या पट्ट्या देऊन जोडलेले असतात, म्हणून ती करकरत नाही आणि वजनालाही हलकी. पण कापड फाटलं आणि पाणी शिरलं की ती झपाट्याने संपते. चांगली टिकलेली वेमन बॉडी मिळाली तर तिला जीव लावा, फार थोड्या उरल्या आहेत.

बंद इंजिनाकडे वळू. बॅटरी जोडून स्टार्टर दाबायचा किंवा दोर बांधून ओढायची, असा सल्ला कोणी ना कोणी देईलच. तो अजिबात ऐकू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात, व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असू शकतो, आणि जोर केला की रिंग तुटते किंवा पुशरॉड वाकतो. सगळे प्लग काढा. प्रत्येक भोकातून आत पातळ तेल सोडा आणि ते मुरू द्या, काही दिवस रोज थोडं थोडं. टॅपेट कव्हर काढून व्हॉल्व्हच्या देठांवरही सोडा. मग इंजिन फिरवायचं हँडल लावून नुसत्या हाताच्या जोराने हलवून बघा. किंचित हलतंय असं वाटलं तर पुढे-मागे, पुढे-मागे करा, एका दिशेने रेटू नका. पूर्ण फेरा सहज फिरायला लागल्यावरही अजून सुरू करायचं नाही.

आधी खालचा सांप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं उतरवा. त्या काळच्या तेलात आजच्यासारखी घाण धरून ठेवणारी डिटर्जंट द्रव्यं नव्हती. काजळी आणि धातूची पूड खाली बसायची. सांपच्या तळाशी घट्ट काळा थर सापडेल, तो खरवडून काढायचा. खरी मेख क्रँकशाफ्टमध्ये आहे. त्याच्या क्रँकपिना, म्हणजे पिस्टनचे दांडे ज्यांवर बसतात त्या पिना, पोकळ असतात आणि टोकांना टोप्या असतात. इंजिन फिरताना तेलातली घाण वेगामुळे बाहेरच्या कडेला फेकली जाते आणि या पोकळीत साठत जाते. ही रचना मुद्दाम केलेली आहे, ठराविक काळाने ती साफ केली जाईल असं गृहीत धरून. पुढच्या मालकांनी ती केली असेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. पोकळी भरत आली की बेअरिंगला जाणारं तेलाचं भोक बुजतं. आणि अशा न उघडलेल्या इंजिनात कोणी थेट आजचं डिटर्जंट तेल भरलं, तर वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटतो आणि सरळ तेलाच्या वाटांत जातो. म्हणून क्रम असा ठेवा: सांप उघडा, गाळ काढा, क्रँकपिना साफ करा किंवा करवून घ्या, आणि मगच तेलाचा निर्णय करा. आतून साफ झालेल्या इंजिनाला डिटर्जंट तेल चालतं. न उघडलेल्याला बिनडिटर्जंट तेलच भरावं.

बेअरिंग आजच्यासारखी तयार कवचांची नाहीत. त्यांत व्हाइट मेटल ओतलेलं असतं, म्हणजे कथील मुख्य, आणि त्यात अँटिमनी व तांबं. ते मऊ असतं आणि बारीकसा कण आत शिरला तर स्वतःत रुतवून घेतं, म्हणून महागड्या क्रँकशाफ्टवर ओरखडा पडत नाही. पण तेलाचा दाब गेला की तितक्याच लवकर ते वितळतं. नवं व्हाइट मेटल ओतणं आणि सगळी मेन बेअरिंग एका रेषेत बोर करणं हे घरी करायचं काम नाही. ज्याचा रोजचा हाच धंदा आहे त्याच्याकडेच द्या. शेवटचं बसवणं मात्र तुम्ही शिकू शकता. क्रँकशाफ्टवर प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा पातळ हात फिरवायचा, बेअरिंग बसवून फिरवायचं, उघडून निळे डाग कुठे उमटले ते बघायचं आणि तेवढंच स्क्रेपरने उतरवायचं. डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. या छंदात मला सर्वांत जास्त समाधान या कामाने दिलं आहे.

पाण्याच्या वाटांकडे तेवढंच लक्ष हवं. इंजिन ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीत गंज आणि क्षार साठतात, आणि सर्वांत मागच्या सिलिंडरांभोवती जास्त, कारण पंपापासून ती जागा लांब. रेडिएटर नवा करूनही गाडी तापत राहिली तर दोष बहुतेक वेळा इथे असतो. झाकणपट्ट्या आणि कोअर प्लग काढून आत वाकडी तार घाला, खरवडा, मग पाण्याचा फवारा मारा. निघालेला गाळ बादलीत जमा करा. तो किती आहे हे बघितलं की इंजिनाची आजवर काय निगा राखली गेली ते कळतं.

पेट्रोलबद्दल चिंता असते, पण वेगळ्याच गोष्टीची असायला हवी. या इंजिनांचं कॉम्प्रेशन पाचास एकच्या आसपास असल्यामुळे ऑक्टेनचा प्रश्नच येत नाही. त्रास होतो तो इथेनॉलचा. ते पाणी शोषतं, जुने रबरी पाइप मऊ करतं, आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणाऱ्या कॉर्कच्या फ्लोटवर शेलॅकचा (लाखेचा) लेप असेल तर तो विरघळवतं. मग फ्लोट पेट्रोल पितो आणि कार्बोरेटर वाहू लागतो. पाइप बदला, फ्लोटला इथेनॉलमध्ये टिकणारा लेप द्या. गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलमध्ये तेल भरताना जीएल-५ लिहिलेल्या डब्यापासून दूर राहा. त्यातली गंधकाची द्रव्यं पितळी आणि काशाच्या भागांना खातात.

ब्रेकची रचना समजून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. मार्क बिर्किग्ट या इंजिनिअराने १९१९ च्या हिस्पानो-सुइझा एच-६ या गाडीत गिअरबॉक्सवरून फिरणारा यांत्रिक सर्व्हो, म्हणजे ब्रेकला जादा जोर देणारी यंत्रणा आणली. रोल्स-रॉईसने त्याचे हक्क घेऊन तो आपल्या गाड्यांत बसवला, आणि तुमच्या २०/२५ मध्येही तोच आहे. पेडल दाबलं की एक घर्षणचकती गाडीच्याच वेगातून जोर घेते आणि ब्रेक ओढते. म्हणजे गाडी हलत असेल तेव्हाच सर्व्होची मदत मिळते. चढावर थांबलेली गाडी मागे घसरू लागली तर पेडलवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही, हात हँडब्रेकवर हवा. सर्व्होच्या चकतीवर तेल उतरलेलं नाही ना, सगळे दांडे आणि सांधे मोकळे आहेत ना, हे बघा. लायनर नवे घ्याल तर त्यांची पकड जुन्याशी जुळणारी घ्या, फार कठीण लायनर या ब्रेकला मानवत नाहीत.

टायर भरपूर नक्षी शिल्लक असलेले, पण जुने असतील तर बदला. २००० सालापासून टायरच्या बाजूवर चार आकडी क्रमांक असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तारांच्या चाकांची तपासणी कानाने होते. लहान पाना घेऊन एकेक तार हलकेच वाजवत जा. ताणलेली तार खणखणते, सैल किंवा तडकलेली तार बोदा आवाज देते. वायरिंगवरचं कापड चांगलं दिसलं तरी आतलं रबर चुरा झालेलं असतं. कापडी वेष्टणाची नवी वायर मिळते, तीच वापरा. आणि बॅटरी जोडण्याआधी तिचं कोणतं टोक चॅसिसला जोडायचं आहे, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, ते पाहा, कारण त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक चॅसिसला असतं.

हत्यारांचा एक मुद्दा नवख्यांना फार महागात पडतो. या गाडीचे आटे मेट्रिक नाहीत. व्हिटवर्थ या ब्रिटिश इंजिनिअराने १८४१ मध्ये ठरवलेल्या पद्धतीतून आलेले बीएसएफ जातीचे आटे यात आहेत, आणि छोट्या स्क्रूंना बीए या वेगळ्या जातीचे. व्हिटवर्थ आणि बीएसएफ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आणि अमेरिकन आट्यांचा ६०. जवळपासच्या मापाचा दुसरा बोल्ट दोन-तीन फेरे जातो, मग अडकतो, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमधले आटेच उपटून येतात. पानेही त्याच मापांचे घ्या. मेट्रिक पान्याने नटाच्या कडा गोल करून ठेवलेली गाडी दुरूनही ओळखू येते. मूळ बोल्ट फेकू नका, साफ करून पुन्हा त्याच भोकात घाला. खोलताना प्रत्येक जोडणीचे आधी फोटो, मग चिठ्ठी लावलेली पिशवी, आणि वहीत नोंद, या क्रमात हयगय नको.

तब्येतीचंही सांगायला हवं, कारण उत्साहात याकडे दुर्लक्ष होतं. जुने ब्रेक लायनर, क्लच प्लेट, गॅस्केट आणि सायलेन्सरच्या पाइपवरचं वेष्टण यांत ॲस्बेस्टॉस असतं. ती धूळ हवेच्या झोताने कधीच उडवायची नाही, ओलं करून पुसून काढायची. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारू नका. योग्य दर्जाचा मास्क हवाच, आणि त्या कपड्यांनी घरात जाऊ नका.

आता रंगाचा आणि चामड्याचा प्रश्न, ज्यावर या छंदातले लोक तावातावाने भांडतात. १९२० च्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे रंग आले, त्याआधी वॉर्निशचे एकावर एक हात देऊन रंगकाम आठवडेच्या आठवडे चालायचं. सेल्युलोजची चमक खोल आणि मऊ असते. आजच्या दोन घटकांच्या रंगाची काचेसारखी झळाळी १९३३ च्या बॉडीवर परकी वाटते, सांगता आलं नाही तरी नजरेला खटकते. मुलाम्याचंही तसंच. क्रोम १९२० च्या दशकाच्या शेवटी रुळला, त्याआधी निकेल होतं. निकेलला किंचित पिवळसर, उबदार छटा असते, क्रोमला निळसर. १९२४ च्या गाडीचे दिवे क्रोमने लखलखत असतील तर ते काम नंतरचं आहे. तुमच्या गाडीवर क्रोम बरोबर आहे, पण म्हणून प्रत्येक दांडी पुन्हा प्लेटिंगला पाठवायची गरज नाही. प्लेटिंगआधीच्या घासकामात कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात, आणि ती परत आणता येत नाहीत. दाराच्या मुठीसारखे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग तर फारच जपा. त्या काळच्या काही जस्तात शिशाची भेसळ राहिली आहे. तसा भाग आतून तडकत जातो, फुगतो, आणि एके दिवशी हातात तुकडे येतात. त्यावर दुरुस्ती चालत नाही, तुटण्याआधी साचा घेऊन ठेवावा.

जुन्या वाहनांची जागतिक संघटना, फिव्हा, हिने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. जतन आधी, पुनर्बांधणी नंतर, आणि नवा घातलेला भाग ओळखता यावा, हा तिचा गाभा. मी या बाजूचा आहे, आणि तोही केवळ भावनेपोटी नाही. मूळ रंगाखाली कोचबिल्डरच्या माणसाने पेन्सिलीने लिहिलेली मापं सापडतात. गादीतल्या घोड्याच्या केसांचा थर आणि शिवणीची पद्धत बघून बॉडी कोणत्या कारखान्यातली ते पक्कं करता येतं. हे एकदा काढून फेकलं की गाडीबद्दल पुन्हा कोणी काही शिकू शकत नाही. २००९ मध्ये लागो माज्जोरे या सरोवराच्या तळातून १९२५ ची एक बुगाटी ब्रेशिया वर काढली. सत्तरहून अधिक वर्षं पाण्यात राहून तिची एक बाजू जवळजवळ नाहीशी झाली होती. कॅलिफोर्नियातल्या मलिन संग्रहालयाने ती तशीच मांडली, एक पत्राही न बदलता. तो टोकाचा प्रसंग आहे आणि त्या गाडीपुरता तो निर्णय मला पटतो.

तुमच्या सलूनला मात्र चालायचं आहे, तेव्हा मधला मार्ग घ्या. सडलेला खांब नव्या ॲशने भरा, जुन्याला जिथे जमेल तिथे जोड द्या. चामडं भेगाळलं असेल पण फाटलं नसेल, तर सौम्य साबणाने पुसा, पोषण द्या, उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून शिवा. रंग उडालेल्या जागी तेवढाच भाग रंगवा. आधीच्या कोणी तो पूर्ण काढून बेढब काम केलेलं असेल, तर संपूर्ण रंगकामाला माझी ना नाही, पण त्या वेळी झाकलेल्या एखाद्या कोपऱ्यात, पायफळीखाली किंवा सीटच्या मागे, जुन्या थरांचा तुकडा शाबूत ठेवा. स्पर्धेतलं बक्षीस डोळ्यांसमोर ठेवून गाडी कारखान्यातून निघाली होती त्याहून चकचकीत केली जाते, याचं मला वाईट वाटतं. त्या काळच्या उत्तम कारागिराच्या हाताचीही एक खूण असायची, तीसुद्धा त्या पॉलिशखाली जाते.

तुम्ही स्वतः किती कराल? खोलणं, साफसफाई, नोंदी, वायरिंग, ब्रेकचे सांधे, स्प्रिंगांच्या पात्यांमध्ये ग्रीस आणि त्यांवरची चामडी वेष्टणं, गॅस्केट कापणं, कार्बोरेटर, लाकडाचे साधे जोड हे सगळं. व्हाइट मेटल, क्रँकशाफ्ट घासणं, रेडिएटरचा गाभा, चाकांच्या तारा भरणं आणि प्लेटिंग बाहेर द्या. बाहेर देतानाही भाग सुटा करून, मापं घेऊन, फोटो काढून द्या, आणि काय करायचं नाही तेही लिहून द्या.

गाडी चालू करण्याजोगी झाली की पहिल्यांदा हँडल मारताना स्टिअरिंगवरचा इग्निशनचा दांडा ठिणगी उशिरा पडेल त्या बाजूला पूर्ण घ्या. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा गुंडाळू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटतं. अंगठा गुंडाळलेला असेल तर मनगट मोडतं.

राहिला संग्रहाचा प्रश्न. फ्रान्समधल्या रॉजे बायों या वाहतूक व्यावसायिकाने १९५० च्या दशकापासून एकाहून एक गाड्या जमवल्या, संग्रहालय काढायचं ठरवून. धंदा अडचणीत आला आणि गाड्या उघड्या शेडांखाली राहिल्या. २०१४ मध्ये त्या सापडल्या तेव्हा तालबो-लागोसारख्या गाड्यांवर वेली चढल्या होत्या, छतं खचली होती. त्या माणसाचं गाड्यांवर प्रेम होतं, यात मला शंका नाही. पण प्रत्येक गाडीला कोरडी जागा आणि नियमित धाव लागते. पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करणं म्हणजे धाव नव्हे. तेवढ्याने तेल पुरतं तापत नाही, जळणातून आलेलं पाणी सांपमध्ये राहतं आणि आम्ल बनवतं. इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण गरम होतील इतकी, अर्धा-पाऊण तास तरी गाडी चालली पाहिजे. प्लॅस्टिकचं आवरण घालू नका, आत ओल धरते. सुती कापड घाला. आठवड्याकाठी तुमचे किती तास मोकळे आहेत ते मोजा, आणि त्यात जितक्या गाड्या अशा फिरवता येतील तितक्याच ठेवा.

दुसरी घेतलीच तर २०/२५ चीच बहीण घेऊ नका. वेगळ्या विचाराची घ्या. १९३० च्या दशकातली आठ सिलिंडरची पॅकार्ड बघा: त्याच दर्जाची शांतता आणि आराम, पण रचना अशी की मोठ्या संख्येने बनवता यावी, आणि बॉडीही बहुतेक वेळा कारखान्यातूनच आलेली. एक महिना हिच्यावर आणि एक तिच्यावर काम केलंत की दोन्हीकडच्या इंजिनिअरांनी एकच अडचण कशी वेगवेगळ्या वाटेने सोडवली ते हाताला कळायला लागेल. तोवर आधी त्या सलूनची चारही दारं उचलून बघा, क्रमांक टिपा आणि चॅसिसच्या नोंदीची प्रत मागवा. ती हातात आल्याशिवाय विसार देऊ नका.